गडावरचं गलबत

पहिला महिना

वाचनालयातलं कुठलंही पुस्तक कुठवर वाचलं गेलंय, हे बाइंडर ते न उघडता सांगत असे. पुस्तक आडवं धरायचं, पानांच्या कडा उजेडाकडे करायच्या. जिथवर कडा मळकट, तिथवर वाचक पोचला. पुढे सगळं पांढरंशुभ्र. बहुतेक पुस्तकांत हा मळ चाळिसाव्या पानाशी दम टाकी आणि एकदम शेवटच्या दोन पानांवर पुन्हा उगवे, कारण शेवट काय झाला एवढं तरी चारचौघांत सांगता आलं पाहिजे. बावीस वर्षं तो ह्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवत होता, आणि बावीस वर्षांत त्याचं एक मत पक्कं झालं होतं. माणसं पुस्तकं वाचत नाहीत, हाताळतात.

त्यामुळे फळ्यावर 'बारा महिने, बारा ऐतिहासिक कादंबऱ्या' असा कागद लागला तेव्हा तो नाकातून हसला. कादंबरीची प्रत एकच. ती पाच-पाच दिवस एकेकाकडे फिरणार. प्रत्येकाने पुस्तकाच्या मागच्या खिशातल्या कार्डावर अभिप्राय लिहायचा, महिन्याच्या शेवटच्या रविवारी बैठकीत बोलायचं, आणि वर्षाअखेर जो बाराही वाचेल त्याला प्रमाणपत्र. कल्पना ग्रंथपाल बाईंची. त्या स्वतः कपाटांच्या किल्ल्यांपलीकडे काही वाचत असतील असं बाइंडरला वाटत नव्हतं.

नावं दिली कोणी? सर, म्हणजे निवृत्त प्राध्यापक आणि वाचनालयाच्या समितीचे अध्यक्ष. ते बोलायच्या आधी चष्मा काढून ठेवत, म्हणजे समोरचे दिसायला नकोत. दातांची डॉक्टरीण. एक नवरा-बायको, ज्यांना 'आम्हाला' हे एकच सर्वनाम येत होतं आणि ज्यांचा पाच दिवसांचा वाटाही एकच होता. बाई स्वतः. आणि बाइंडरची सख्खी मावशी.

मावशीचं नाव पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रुग्णालयाच्या कपड्यांच्या खोलीत चादरी मोजायची, निळीत बुडवायची, घड्या घालायची. वाचताना ओळीखाली बोट धरायची आणि ओठ हलवायची.

तो स्वतः नाव देणार नव्हता. पण सर खिडकीशी थांबून म्हणाले, "तुम्हीही या की. पुस्तक शिवणाऱ्याने एखादं वाचलं तर बिघडत नाही." आजूबाजूचे हसले. नाही म्हणायची सोय नव्हती. पुस्तकं यंत्राने चिकटवून देणाऱ्या एका कंपनीचं पत्र समितीकडे येऊन पडलं होतं. सुई-दोरा ठेवायचा की यंत्र आणायचं, ते वर्षाअखेर ठरायचं होतं, आणि ठरवणार सर. बाइंडरने नाव लिहिलं, शेवटचं. सगळ्यांच्या हातांतून फिरून पुस्तक शेवटी त्याच्याकडे येणार. त्याला तेच हवं होतं. कोणाचा मळ कुठवर पोचला ते बघता आलं असतं.

दुसरा ते सहावा

दुसऱ्या महिन्याचं कार्ड असं होतं:

सर: कालखंड जिवंत होतो.
डॉक्टरीण: मुळापर्यंत जाते.
आम्ही: आम्हाला आवडली.
बाई: पुस्तक सुस्थितीत.
मावशी: राणीला दोन महिने ताप होता म्हणतात. मग तिच्या चादरी कोण धूत होतं? ते कुठंच नाही.
बाइंडर: छान.

तिसऱ्याचं कार्ड दुसऱ्यासारखंच. चौथ्यात सरांनी 'जिवंत'च्या जागी 'धगधगता' घातलं. पाचव्यात डॉक्टरीण मुळापर्यंत गेली नाही, बहुधा ती गावाला गेली होती. मावशी मात्र दर वेळी कार्डाची मागची बाजूही भरून टाकी. लढाई तीन दिवस चालली तर घोड्यांनी खाल्लं काय. राजाला पत्र आलं तेव्हा भिंतीवरची मशाल डाव्या हाताला होती, मग उठताना उजव्या हाताला कशी. बैठकीत हे प्रश्न आले की सर डोळे मिटून घेत आणि बाई बिस्किटांची ताटली पुढे सरकवत.

बाइंडरला दुसऱ्याच गोष्टीचा राग होता. मावशीच्या हाताची नीळ पानांना लागायची. खालच्या कोपऱ्यात, पान उलटताना, प्रत्येक पानावर एक फिकट निळा अंगठा.

"अगं, हात धूत जा की पुस्तक धरण्याआधी."

"धुऊनच धरते. जात नाही ती."

स्वतः बाइंडर काय करी? मलपृष्ठावरचा मजकूर वाची, पहिली सोळा पानं, शेवटची सोळा, आणि मधली जी सगळ्यात मळकी असतील ती. लोकांनी जिथे बोटं घासली तीच कादंबरी, बाकी भरताड, असं त्याचं शास्त्र होतं. पाच दिवसांचं काम तो दीड तासात उरकी आणि बैठकीत सरांसमोर मान डोलावत बसे. सर काय वाचत होते ते त्याला कडांवरून दिसत होतं. अठ्ठेचाळीस पानं आणि शेवट. दुसऱ्याचं कुसळ दिसायला त्याला चष्मा लागत नसे.

सातवा महिना

सातवी कादंबरी वेढ्याची. एक गड, चौदा महिने वेढलेला, आणि एका पहाटे त्याचा दिंडी दरवाजा उघडा सापडतो. शेवटच्या पानावर म्हातारा किल्लेदार म्हणतो, दरवाजा कोणी उघडला हे गडाला कधीच कळलं नाही.

बैठकीत सरांनी चष्मा काढला आणि अर्धा तास त्या वाक्यावर बोलले. दरवाजा कोणी उघडला हे लेखकाने मुद्दाम सांगितलेलं नाही. साडेतीनशे पानं लिहूनही तो नेमकं तेच गाळतो. ही न सांगण्याची कला. दरवाजा उघडणारा आपल्या प्रत्येकात आहे. आपण ह्यावर निबंधच लिहिणार आहोत आणि वार्षिक सभेत तो वाचणार आहोत. डॉक्टरीण म्हणाली, आतून हललं काहीतरी. नवरा-बायको म्हणाले, आम्हालाही तसंच वाटलं.

मग मावशी म्हणाली, "बाकी सगळं ठीक. पण त्या गलबतावरच्या आचाऱ्याचं पुढं काय झालं? त्याचा हात भाजला होता ना."

सरांनी चष्मा घातला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा काढला.

"गडावर गलबत?"

पहिली डॉक्टरीण फुटली. मग नवरा, मग बायको, मग बाईसुद्धा, तोंडावर रुमाल धरून. सरांनी हात वर करून, मोठ्या मनाने, सांगितलं की वय झालं की वाचलेलं एकमेकांत मिसळतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि सगळ्यात मोठ्याने हसला तो बाइंडर. सख्खा भाचा असा हसला की त्या मूर्खपणाशी आपलं नातं नाही हे सगळ्यांना कळतं, असा त्याचा हिशेब.

"मावशी, चादरींच्या ढिगात भलतंच काहीतरी वाचलंस तू," तो म्हणाला.

मावशीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही; सुईत दोरा ओवताना बघतात तसं. मग म्हणाली, "असेल बाबा," आणि बिस्किट उचललं.

तेव्हापासून तिचं नाव गलबत पडलं. गलबत आलं का. गलबताला चहा द्या. बाइंडरही म्हणू लागला, आधी तिच्या माघारी, मग तोंडावर.

आठवा, नववा

मावशीच्या कार्डावर एकच शब्द: वाचली.

दहावा महिना

दहावी कादंबरी गलबताची निघाली. मसाल्याच्या व्यापाऱ्याचं गलबत, बुडतं, वाचतं, पुन्हा बुडतं. बाइंडरच्या हाती ती आली तेव्हा मागच्या कार्डावर मावशीने लिहिलं होतं:

आचारी सापडला. पान २२५ वर मरतो.

तो आपल्या दुकानात एकटाच हसला. बैठकीसाठी ह्याहून चांगला विनोद मिळाला नसता. गलबताला आपला आचारी सापडला. पण तीन महिने उशिरा, आणि तोही मेलेला. ही गंमत नीट मांडायची तर आचारी कुठल्या पानावर काय करतो ते माहीत हवं. म्हणून त्याने, निव्वळ खोडसाळपणाने, पुस्तक मध्येच उघडलं.

दोनशे आठव्या पानावर वादळ होतं आणि आचारी चुलीची आग समुद्राच्या पाण्याने विझवत होता. त्याची नजर समोरच्या पानावर गेली. दोनशे नववर एक पहारेकरी तटावर जांभई देत होता.

तट? त्याने मागचं पान पाहिलं. समुद्र. पुढचं. तट, खंदक, पखाली वाहणारा एक माणूस. दोनशे चोवीसपर्यंत कोरडी जमीन, आणि दोनशे पंचविसाव्या पानावर, काहीच झालं नसल्यासारखं, पुन्हा पाणी. आचारी भाजलेला हात छातीशी धरून मरत होता. मधल्या सोळाही पानांच्या कोपऱ्यांत निळा अंगठा. दुसरा कुठलाही डाग नाही.

सोळा पानं म्हणजे एक फर्मा. छापखान्यातून पुस्तक असंच येतं, सोळा-सोळा पानांच्या घड्यांनी, आणि प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत त्याचा आकडा असतो, आकड्याशेजारी पुस्तकाचं नाव आखडून. त्याने दोनशे नवव्या पानाच्या तळाशी पाहिलं. '१४'. शेजारी: 'वेढा'.

मग त्याने पाठ वाकवून शिलाई पाहिली. दोरा हिरवा.

गावात सगळे बाइंडर पांढरा दोरा वापरतात. हिरवा फक्त त्याचा. एका बंद पडलेल्या शिवणकारखान्यातून त्याने कधीकाळी रिळांचं खोकंच्या खोकं आणलं होतं आणि पुढे तीच त्याची सही होऊन बसली. दोन्ही कादंबऱ्या एकाच मालेतल्या, एकाच मापाच्या, एकाच टाइपातल्या. दोन्ही त्याने गेल्या वर्षी एकाच दुपारी उसवून शिवल्या होत्या. बारा, तेरा, चौदा, पंधरा. आकडा पाहायचा, ठेवायचा. नाव पाहणं त्याने कितीतरी वर्षांपूर्वी सोडलं होतं. पुस्तक म्हणजे त्याच्या लेखी आकड्यांची चवड.

पाठ सैल झाल्याचं सांगून त्याने वेढ्याची कादंबरीही वाचनालयातून आणली. अपेक्षेप्रमाणे गडाच्या पोटात सोळा पानांचं गलबत होतं. तेही निळं. मावशी दोन्हीकडून गेली होती, सर दोन्हीकडे अठ्ठेचाळिसाव्या पानावर चष्मा काढून बसले होते, आणि तो स्वतः, त्याचं शास्त्र घेऊन, स्वच्छ पानं भरताड समजून ओलांडून गेला होता.

तो उभ्यानेच चुकलेला फर्मा वाचू लागला. दोनशे सतराव्या पानावर दरवाजा उघडा राहत होता. कुणी फितूर नव्हतं. पखालवाला रोज अंधारात दिंडी दरवाज्याने पाणी आणायला जाई. त्या दिवशी परत आला आणि कडी घालायची विसरला. इतकंच. चौदा महिने रोज घातलेली कडी. आणि सकाळी जेव्हा पहारेकऱ्याला फितूर म्हणून कड्यावरून लोटलं, तेव्हा पखालवाला गर्दीत उभा राहून बघत होता.

सरांचा निबंध! पहिल्यांदा त्याला इतका आनंद झाला की त्याने पुस्तक मिटून तळहातावर थोपटलं. न सांगण्याची कला म्हणे. ती कला हिरव्या दोऱ्याची होती. भर सभेत हे सांगितलं तर सरांना चष्मा घालायला जागा उरली नसती.

मग लक्षात आलं की हे सांगायचं तर पुरावा म्हणून स्वतःचाच गाढवपणा पुढे ठेवावा लागणार. आणि तोही त्या माणसासमोर, ज्याच्या हातात सुई की यंत्र हा निकाल होता.

त्याच महिन्यात, कपड्यांच्या खोलीत

मावशी उशांचे अभ्रे मोजत होती. त्याने दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली. ती मोजत राहिली, चाळीस झाल्यावर थांबली.

"सापडलं का?" ती म्हणाली.

"तुला माहीत होतं."

"दोरा हिरवा होता. सातव्या महिन्यातच पाहिलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही हसलात."

मावशीने एक अभ्रा झटकला, दुमडला.

"तू हसलास ना, तेव्हा मला वाटलं, ह्याला चूक कळलीय आणि हा झाकतोय. यंत्राचं चाललंय, पोटापाण्याचा प्रश्न आहे. म्हटलं, झाकू दे. आपल्याला गलबत म्हटल्याने काय भोक पडतंय." मग तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "आत्ता कळलं. तू वाचलंच नव्हतंस."

सगळ्या जगाच्या पानांच्या कडा तपासणाऱ्या माणसाची कड एका बाईने अभ्रे मोजता मोजता तपासली होती, आणि ती कोरी निघाली होती.

"सगळं अर्ध्या तासाचं काम आहे," तो शेवटी म्हणाला. "उसवतो, फर्मे बदलतो, शिवतो. कोणाला पत्ता लागणार नाही."

"शिव की."

"आणि तू?"

"मी गलबत," मावशी म्हणाली. "जा आता, मला वरच्या मजल्याच्या चादरी द्यायच्यात."

अकरावा महिना

कादंबरी त्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. भिकार होती. कार्डावर त्याने तसं लिहिलं, कारणांसकट, मागच्या बाजूवरही.

दोन्ही पुस्तकं तशीच त्याच्या टेबलावर पडून राहिली. तीन वेळा त्याने शिलाईला कात्री लावली आणि तीनदा मागे घेतली. गुपचूप दुरुस्त केलं तर काम वाचत होतं. पण मग गडावर कधी गलबत नव्हतंच असं होणार होतं, आणि मावशी मरेपर्यंत गलबत राहणार होती. गर्दीत उभं राहून बघणाऱ्या त्या पखालवाल्याचा त्याला भयंकर राग येत होता. कादंबऱ्यांतली माणसं इतकी हलकट का असतात, असं त्याला वाटे, आणि तो कात्री खाली ठेवी.

बारावा महिना

वार्षिक सभेला वीसेक माणसं होती. सरांनी निबंध वाचला. नऊ पानं. त्यात 'मौन' हा शब्द एकतीस वेळा आला, बाइंडरने मोजला. 'उघडा दरवाजा म्हणजे आपल्या सामूहिक मनाची फट' ह्या वाक्यावर टाळ्या पडल्या. डॉक्टरीण म्हणाली, मुळापर्यंत गेलात. टाळ्या थांबल्यावर बाइंडर उठला, पिशवीतून दोन पुस्तकं काढली आणि टेबलावर ठेवली. सकाळीच दोन्ही मधल्या भागात उसवली होती. फर्मे सुटे होते, हिरव्या दोऱ्याचे तुकडे अजून लोंबत होते.

"दरवाजा पखालवाल्याने उघडा टाकला," तो म्हणाला. "पान दोनशे सतरा. ते ह्या दुसऱ्या पुस्तकात होतं, कारण मी चुकीचा फर्मा शिवला. गडावर गलबत होतं. मावशीने पाहिलं. बाकी आपण कोणी तिथवर गेलोच नाही. मीसुद्धा नाही."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. आम्हाला काय वाटतंय हे दोघांनाही ठरवता येईना. बाईंनी फर्मे उलटेपालटे केले. सरांनी चष्मा घातला, दोनशे सतरावं पान वाचलं, आणि चष्मा काढला.

माणूस शरमेने तरी गप्प बसेल असं बाइंडरला वाटलं होतं. त्याने सरांना फार वर धरलं होतं.

सर म्हणाले, हा प्रसंग सामान्य आहे. कडी विसरणं वगैरे. ह्याने कादंबरी लहान होते. उलट आपल्या वाचनालयाच्या प्रतीत, अपघाताने का होईना, एक श्रेष्ठ कृती तयार झाली होती. आपण ह्याला चूक म्हणू नये. "हा पाठभेद आहे," ते म्हणाले, "आणि माझी सूचना आहे की प्रत पूर्वीसारखीच शिवून ठेवावी."

डॉक्टरीण मान हलवू लागली. आम्हालाही तसंच वाटतं, असं दोन आवाजांत ऐकू आलं. मागून कोणीतरी विचारलं, म्हणजे गलबत ठेवायचं? सर म्हणाले, गलबत ठेवायचं. निबंध आहे तसाच छापला जाईल, खाली एक टीप येईल. मग त्याच सुरात त्यांनी पुढचा विषय घेतला. बाइंडिंगचं काम. चूक शेवटी चूक, बावीस वर्षांनंतर माणसाची नजर थकते, ह्यात कोणाचा अपमान नाही. कंपनीच्या पत्राला होकार कळवावा असा ठराव. एकाच चुकीचा त्यांनी दहा मिनिटांत साहित्यात सत्कार केला आणि व्यवहारात तिला दंड ठोठावला, आणि ह्या दोन गोष्टींत काही विसंगत आहे असं वीसपैकी एकालाही वाटलं नाही.

बाइंडरने सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं. बावीस वर्षं ह्यांच्या पानांच्या कडा बघितल्या, तेवढं बस होतं. त्याने सदऱ्याच्या कॉलरमधली सुई काढली, दोरा ओवला, खुर्ची टेबलाशी ओढली. बाई कुजबुजल्या, अहो, सरांनी सांगितलंय तसंच शिवायचं ना? मावशी उठून त्याच्या शेजारी येऊन बसली आणि गडाचे फर्मे हातात घेतले.

"तेरा," ती म्हणाली, "वेढा." त्याने टाका घातला. "चौदा, वेढा." टाका. ठरावाला अनुमोदन मिळालं. "पंधरा, वेढा."

ठरावावर हात वर होत होते. मावशीने पुढचा फर्मा नुसताच त्याच्या हातात दिला.

"बोल की," तो म्हणाला.

"तूच वाच," मावशी म्हणाली.

त्याने फर्मा उजेडाकडे धरला, आकड्याच्या पुढे सरकला आणि नाव वाचलं.